पाताळयंत्री पंप! भोर-वेल्ह्याच्या जमिनीखालचा एसी

माहीत आहे का, तोरण्याच्या पोटात धन निघालं होतं? गडाची डागडुजी चालू असताना मोहरांचे हंडे लागले आणि त्या पैशातून समोरचा राजगड उभा राहिला, ही कथा चौथीच्या इतिहासात आपण सगळ्यांनीच वाचलीय. बरं, आता पुढचं ऐका. त्याच मुलखात अजून एक हंडा पुरलेला आहे. भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुणाच्याही परसात खणा, लागणारच! फक्त त्यात मोहरा नाहीत. डिग्री आहेत. सेल्सिअसच्या.

(हो हो, वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालंय. पण एसटीत कंडक्टरला विचारून बघा, तो अजून ‘वेल्हं’च म्हणेल.)

वर पुण्याच्या पाऱ्यानं काय काय बघितलंय! १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश. आणि उन्हाळ्यात थेट ४३.३ पर्यंत उडी. आणि खाली, आठ-दहा मीटरवर? जानेवारीत पंचविशी, मे महिन्यात पंचविशी, गणपतीत पंचविशी. जुन्या सिनेमातल्या हिरॉइनसारखं, वय वाढतच नाही!

कारण साधं आहे. ऊन-थंडीचा धिंगाणा जमिनीच्या वरच्या थरात चालतो. खोल जाता जाता तो विरत जातो आणि उरते त्या जागेची वर्षभराची सरासरी. पुणे परिसराची सरासरी २५ च्या आसपास, म्हणून खालची जमीनही तेवढीच, फार तर एक-दोन अंश वर.

गडावर राहायला मिळालं तर बोनस. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते आणि तिच्या मागोमाग जमीनही. किल्लेदारांना फ्री अपग्रेड!

मे महिन्याचं पत्र, पोस्टानं

आता एक भारी गंमत. माहीत आहे का, वरचा उन्हाळा खाली पोचायला महिने लागतात? साधारण मातीत तीन मीटरवर तो अडीच महिने उशिरा येतो. सहा-सात मीटरवर तर अर्धं वर्ष उशिरा! म्हणजे वर आपण स्वेटर शोधत असतो तेव्हा खाली कुठे मे महिना उजाडतो. अर्थात, तोवर त्याचा जोर पार ओसरलेला असतो. लग्नाची पत्रिका बारशाच्या दिवशी हातात पडावी, तसं.

आत्याची विहीर

डिसेंबरातली पहाट. तोरण्याच्या पायथ्याशी आत्याचं घर. बोलताना तोंडातून वाफ, कानाला मफलर, खाचरातल्या धसकटांवर दव. मी बंब तापायची वाट बघत चुलीला चिकटून बसलेला. आत्या आतून ओरडली, “आरं, बंब कशाला पायजे? हिरीवर जा. पानी ऊन हाय!”

गेलो. आणि विहिरीच्या तोंडातून चक्क वाफ निघत होती! पोहरा वर ओढला, कुडकुडत तांब्या अंगावर घेतला… कोमट. अगदी बाळाला अंघोळ घालावी इतकं.

आणि तीच विहीर मे महिन्यात? पहिल्या तांब्याला अंगावर काटा. पाणी तेच, अंशही जवळपास तेच. खोटं बोलते ती आपली कातडी! तिला नुसता फरक कळतो. दहा अंशांच्या हवेत पंचवीसचं पाणी ऊन, चाळीसच्या हवेत तेच पाणी गार.

हीट पंपवाले इंजिनिअर जे लाखो रुपये घेऊन विकतात, ते आत्या पोहऱ्यानं उपसते.

फ्रिजच्या मागचा हात

तर हा ‘जिओथर्मल हीट पंप’ म्हणजे नेमकं काय? लाव्हा? वाफ? ज्वालामुखी? छे! तुमच्या स्वयंपाकघरात त्याचा सख्खा भाऊ उभा आहे: फ्रिज. फ्रिज थंडी ‘बनवत’ नाही. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. विश्वास बसत नसेल तर त्याच्या पाठीला किंवा कुशीला हात लावा. वेल्ह्याच्या पावसाळ्यात फ्रिजमागं मोजे वाळत घातलेली घरं मी स्वतः बघितली आहेत. इंजिनिअरिंग कॉलेज न बघितलेल्या माणसानंही हीट पंपाचा उरलेला माल वापरला की!

जिओथर्मल पंप एवढंच करतो: फ्रिजची पाठ जमिनीत पुरतो. उन्हाळ्यात घरातली उष्णता उचलून जमिनीत सोडतो, हिवाळ्यात जमिनीतली उचलून घरात आणतो. जमिनीखाली पाइपांची वेटोळी, त्यात फिरणारं पाणी, आणि वर एक कॉम्प्रेसर. बस्स.

मराठीत कपटी माणसाला आपण ‘पाताळयंत्री’ म्हणतो. पाताळात खरोखर यंत्र चालवणाऱ्या या बिचाऱ्या सज्जन पंपाला दुसरं काय नाव द्यायचं, सांगा!

हिशेब बघा. साधा हीटर एक युनिट वीज खातो आणि एक युनिट उष्णता देतो. प्रामाणिक, पण कंजूष. हा पंप एक युनिट खाऊन तीन-चार युनिट उष्णता देतो. जादू? नाही, हमाली! उरलेली उष्णता तो तयार करतच नाही, जमिनीतून नुसती वाहून आणतो.

आणि आपला नेहमीचा एसी? तोही हीच हमाली करतो, पण घरातली उष्णता त्याला बाहेरच्या ४० अंशांच्या हवेत ढकलावी लागते. भरलेला टेम्पो वरंध घाटानं महाडकडून भोरला चढवायचा, तसं. जमिनीचा पंप मात्र ती पंचविशीतल्या मातीत सोडतो. नसरापूर फाट्याचा सपाट रस्ता! बिल कुणाचं कमी येईल, ते सांगायला नको.

एक टन म्हणजे किती किलो?

दुकानात आपण ऐटीत म्हणतो, “दीड टनाचा एसी दाखवा.” माहीत आहे का, हा टन कसला? बर्फाचा! एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषेल, तितकी उपसणारं मशीन एक टनाचं. बर्फाच्या धंद्याची ही आठवण. त्या काळी बॉस्टनकडच्या तळ्यांमधला बर्फ जहाजानं थेट मुंबईला यायचा! १८३० च्या दशकात सर जमशेटजी जीजीभॉय यांनी जेवणावळीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. पार्टी गाजली, नाकं वाजली.

बाथरूममधलं आइसलँड

माहीत आहे का, आपल्या बाथरूममधला गीझर मूळचा कुठला? आइसलँडचा! तिथल्या हॉकादालूर खोऱ्यात ‘गेसिर’ नावाचा उष्ण फवारा आहे. त्याच्यावरून इंग्रजीत सगळ्या फवाऱ्यांना गीझर म्हणायला लागले आणि पुढे ते नाव भिंतीवरच्या टाकीला चिकटलं. आइसलँडमध्ये दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यानंच ऊबदार होतात. त्यांना पंपाचीही गरज नाही, चावी सोडली की झालं.

आपल्याकडे असं पाणी आहे की! फक्त भोरकरांनी घाट उतरायला हवा. वरंध घाटाखाली महाडजवळ ‘सव’चे गरम झरे. पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. नावं बघा, सव सोडलं तर सगळ्यांच्या पोटात ‘ऊन’! आपल्या पूर्वजांनी गावाच्या पाटीवरच थर्मामीटर लावून ठेवला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोंदीत देशभरात असे ३८१ उष्ण झरे आहेत.

पण लक्षात ठेवा, गरम झरा वेगळा आणि आपला पंप वेगळा. झऱ्याला नशीब लागतं. पंपाला फक्त जमीन लागते. ती भोरमध्येही आहे आणि भोपाळमध्येही.

हात पोळला आणि…

कल्पना जुनी आहे बरं. १८५२ मध्ये लॉर्ड केल्विननं, हो, तोच तापमानाच्या एककातला केल्विन, अशा यंत्रानं घरं गरम आणि गार करता येतील असं मांडलं. पुढच्या चार-पाच वर्षांत ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगरनं मिठाच्या कारखान्यात हीट पंप चालवूनही दाखवला. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइन्रिश झोलीनं जमिनीतून उष्णता उपसण्याचं पेटंट घेतलं.

पण खरा हिरो म्हणजे इंडियानाचा रॉबर्ट वेबर! १९४० च्या दशकातला किस्सा. साहेब घरच्या डीप फ्रीझरवर प्रयोग करत होते. चुकून बाहेर जाणाऱ्या पाइपला हात लागला आणि चटका बसला. दुसरा कुणी असता तर बर्नॉल शोधला असता. वेबरच्या डोक्यात आलं, एवढी उष्णता फुकट चाललीय? त्यानं ती अंघोळीच्या पाण्याला दिली. तरी उरली. मग पंखा लावून घरात सोडली. मग थेट जमिनीत तांब्याच्या नळ्या पुरून मातीतून उष्णता ओढली. दुसऱ्या वर्षी म्हणे कोळशाची शेगडी विकून टाकली!

आणि योगायोग बघा, त्याच इंडियानात आज बॉल स्टेट युनिव्हर्सिटीचा अख्खा कॅम्पस जमिनीवर चालतो. म्हणजे जमिनीवर सगळेच चालतात, पण यांनी त्यासाठी साडेतीन हजारांहून जास्त बोअर मारलेत. आपल्याकडे तेवढ्यात चार तालुक्यांच्या ग्रामपंचायत निवडणुका निघाल्या असत्या.

न्यूयॉर्कचं सेंट पॅट्रिक कॅथेड्रल तर १८७९ चं. २०१७ पासून ते दहा विहिरींच्या जोरावर गरम-गार होतं. सगळ्यात खोल विहीर? २२०० फूट! देव वर, एसी खाली.

तेलवाले म्हणून ओळखले जाणारे जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या टेक्सासच्या रँचवर काय आहे, ओळखा पाहू? जिओथर्मल हीट पंप. तेल गेलं, तूप आलं…

बोअरची गाडी आली रे!

आता समजा, भोरच्या एखाद्या हौशी माणसानं ठरवलं, आपणही बसवू. पुढे?

पद्धत पहिली: आडवी. दीड-दोन मीटर खोल चर खणायचे आणि त्यात पाइपांची वेटोळी पसरायची. वरून बघितलं तर थेट आपला नेकलेस पॉइंट! भोरजवळ नीरा नदी जो दागिन्यासारखा वळसा घेते ना, तसे वळशावर वळसे. जागा मात्र भरपूर लागते आणि आपल्याकडे ग्यानबाची मेख अशी की दोन फुटांवर मुरूम आणि चार फुटांवर कातळ. चर खणता खणता जेसीबीचे दात पडायचे.

पद्धत दुसरी: उभी. म्हणजे बोअर. आणि माहीत आहे का, सह्याद्रीत बोअर मारायला येणाऱ्या कित्येक गाड्यांचा नंबर ‘टीएन ३४’ का असतो? ते तमिळनाडूचं तिरुचेंगोडे! बोअरच्या रिग गाड्यांचं हे माहेरघर. तिथली मंडळी देशभर भोकं पाडत हिंडतात. थंड देशांत एक टन क्षमतेला साधारण दीडशे-दोनशे फूट बोअर लागतो. आपल्याकडची जमीन आधीच ऊबदार, म्हणून कुलिंगसाठी त्याहून थोडा जास्तच धरा. बोअरमध्ये यू आकाराचा काळा प्लास्टिकचा पाइप सोडायचा, भोवती भरीव मसाला, की पुढची पन्नासेक वर्षं बघायला नको.

गंमत म्हणजे इथं पाणाड्याचं काम नाही! नारळ तळहातावर उभा राहायला नको, पायाळू माणूस शोधायला नको. बोअरला पाणी लागलं नाही तरी चालतं. “कोरडा गेला” म्हणून डोक्याला हात लावायचा नाही. पाणी लागलं तर उत्तमच, कारण ओली जमीन उष्णता पटकन नेते-आणते आणि कोरडी माती ढिम्म बसते. आता सांगा, ओल्या जमिनीत वेल्ह्याशी कोण बरोबरी करणार? पावसाळ्यात तिथं माणसांनाही बुरशी येते.

आणि कातळ किती खोल आहे म्हणता? कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा काळा पाषाण सव्वा किलोमीटरपर्यंत संपेना! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा केक. एके काळी धगधगता होता, आज आपण त्यात गारवा शोधतोय. सासूबाईंचंही असंच होतं, असं एक ताई म्हणाल्या. मी काही बोललो नाही.

पद्धत तिसरी: तळ्यात वेटोळी सोडायची. भोरकर लगेच म्हणतील, आमचं भाटघर आहे ना! २३.५ टीएमसीचं, ब्रिटिशांच्या काळातलं, ४५ स्वयंचलित दरवाज्यांचं धरण. ऐट बरोबर आहे, पण मे महिन्यात जेव्हा गारव्याची खरी गरज, तेव्हा पाणी इतकं ओसरतं की धरणाच्या पोटातलं कांबरेश्वराचं देऊळ बाहेर येतं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात देव दर्शन देणार आणि एसी बंद पडणार!

पेव फुटलं!

नव्या फॅशनचं पेव फुटतं, क्लासेसचं पेव फुटतं. पण माहीत आहे का, खरं पेव कुठे असतं? जमिनीत! सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणलेली होती. वर तोंड लहान, आत पोट मोठं, आणि हळद वर्षानुवर्षं टिकायची. वीज शून्य, बिल शून्य. २००५ च्या महापुरानं त्यातल्या बऱ्याच पेवांची वाट लावली, तिथं मात्र पेवं अक्षरशः फुटली.

शेतातल्या खेकड्यांनाही जमिनीखालच्या गारव्याचं हे गुपित ठाऊक आहे. उन्हाळाभर बिळात खोल, ओल्या मातीत फुल आराम, आणि पहिल्या पावसाला साहेब बाहेर. पुढचा मुक्काम: कालवण.

पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटर खोल तळघर आहे. १७८३ मध्ये लाव्हाझियेनं तिथं थर्मामीटर ठेवला. पारा हलेचना, कायम १२ अंशांच्या आसपास! लोकांना वाटलं असेल, थर्मामीटर बिघडला.

बिघडल्याचा संशय आपल्या पुण्यातही आला होता. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. ‘शिमला ऑफिस’ चौक म्हणतो ना आपण, तो त्यावरूनच. त्याच खात्यातल्या एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये विचित्र गोष्ट नोंदवली. निरभ्र, शांत रात्री उघड्या जमिनीवर सगळ्यात गार थर जमिनीला टेकलेला नसतोच. तो वीतभर किंवा थोडा अधिक वर तरंगतो! जगभरच्या शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं हे पटेना. पुढे बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी त्याची कारणं शोधली. आज पाठ्यपुस्तकात त्याला ‘रामदास थर’ म्हणतात. समर्थ रामदासांचा सज्जनगड आणि या रामदासांचा थर, दोन्ही आपल्याच बाजूला.

मग घोडं अडलंय कुठे?

गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला ‘टेरी’ संस्थेच्या ‘रिट्रीट’ संकुलात चार मीटर खोल बोगद्यांतून हवा खेळवून खोल्या गार करतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं भूऔष्णिक ऊर्जेचं देशातलं पहिलं धोरण आणलं, त्यातही या पंपांना जागा आहे. मग वेल्ह्यात घरोघरी का नाही?

एक तर पैसे. पंप राहू द्या, नुसत्या बोअरच्या खर्चात साध्या एसींची रांग लागेल.

दुसरं जास्त मजेशीर आहे. युरोपात हा पंप हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतो आणि उन्हाळ्यात परत भरतो. बँकेसारखं, डिपॉझिट आणि विड्रॉल. आपल्याकडे हीटिंग लागतं किती? डिसेंबरात चार रात्री, त्याही एका गोधडीत निभावतात. म्हणजे जमिनीत नुसतं डिपॉझिट, डिपॉझिट आणि डिपॉझिट! पाइप दाटीवाटीनं पुरले तर काही वर्षांत जमिनीलाच ताप भरतो. मोठ्या रिसॉर्टनं अंघोळीचं पाणी त्याच उष्णतेवर तापवलं तर मात्र गणित जुळतं. पानशेतकडच्या शनिवार-रविवारवाल्या बंगल्यांनी विचार करायला हरकत नाही. स्विमिंग पूलपेक्षा हे बरं.

आणि तिसरं म्हणजे जुनं घर, ज्याला एसीची गरजच नव्हती. कारवीच्या काठ्यांचा कूड, वर माती-शेणाचा लेप, खाली सारवलेली जमीन, वर कौलं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, पण तिच्या भिंती वर्षभर काम करतात. आता त्या घरांवर स्लॅब पडले आणि मे महिन्याच्या रात्री माणसं गच्चीवर आली.

हे सगळं मी आत्याला मोबाइलवर चित्रं दाखवत रंगवून सांगितलं. केल्विन सांगितला, वेबरचा चटका सांगितला, न्यूयॉर्कचं देऊळ सांगितलं. ती भाताची वैरण बांधता बांधता ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

“आन लाइट गेल्यावर?”

पाऊस लागला की त्या भागात लाइट दोन-दोन दिवस येत नाही. मी टॉवेल उचलला आणि विहिरीकडे निघालो.